बडोदे परिसरात वनस्पतीची नवी नोंद: पहिल्या शंकेपासून छापील नोंदीपर्यंत

पावसाळ्यात पावागढच्या पायथ्याशी किंवा वढवाणा तलावाच्या काठी एखादं अनोळखी रोप दिसतं. फोटो काढला जातो, मोबाइलमधलं ॲप काहीतरी नाव सुचवतं, आणि शोध घेतल्यावर त्या नावापुढे गुजरात कुठेच दिसत नाही. इथेच नव्या माणसाला वाटतं की आपल्याला 'नवी नोंद' मिळाली. वनस्पतिशास्त्रात मात्र नोंद होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: वाळवून जपलेला नमुना, त्याची खात्रीची ओळख आणि आधी कुणी नोंद केलेली नाही याचा पुरावा. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे आणि नवशिके तिच्यावरच सगळ्यात कमी वेळ घालवतात. म्हणून हा लेख त्या पायरीवर जास्त रेंगाळतो.

आधी एक शब्दांचा खुलासा. वर्तमानपत्रं सर्रास 'नवी प्रजाती सापडली' असं छापतात. मराठी वनस्पतिशास्त्रात 'जाती' म्हणजे स्पीशीज, 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि त्यावर 'कुल' म्हणजे फॅमिली. इथे शब्द याच अर्थाने वापरले आहेत. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसेच वापरा, नाहीतर तज्ज्ञाशी बोलताना घोळ होतो.

१. 'नवी' म्हणजे कुठे नवी, ते ठरवा

विज्ञानाला अज्ञात असलेली जाती, भारतात प्रथमच सापडलेली जाती, गुजरातमध्ये प्रथमच सापडलेली आणि फक्त जिल्ह्यापुरती नवी असे चार वेगवेगळे दावे असतात. प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा. बडोद्याच्या आसपास हौशी माणसाच्या हाती बहुधा तिसरा किंवा चौथा प्रकार लागतो. त्यात कमीपणा मानू नका. गाजर गवताची भारतातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली, म्हणूनच ते कधी आणि कुठून पसरायला लागलं याचा हिशोब मांडता येतो. परकं तण एखाद्या जिल्ह्यात कोणत्या वर्षी पोचलं हे सांगणारा एक नमुना नंतर फार मोलाचा ठरतो.

वनस्पती इथली मूळची आहे, बागेतून निसटलेली आहे की बाहेरून आलेली आहे हेही याच वेळी विचारा. महामार्गाच्या दुभाजकावर, रोपवाटिकेच्या मागे किंवा सोसायटीच्या कुंपणालगत सापडलेली वनस्पती लावलेली नाही याची खात्री हवी. कुणाच्या मदतीशिवाय स्वतः पुनरुत्पादन करत निदान १० वर्षं टिकलेली परकी वनस्पतीच 'स्थिरावलेली' मानतात. एका हंगामात दिसलेली चार रोपं 'क्वचित आढळलेली' म्हणून लिहा, त्यापुढे जाऊ नका.

२. परवानगी आधी, कात्री नंतर

रस्त्याकडेला किंवा मालकाच्या संमतीने शेतात नमुना घेणं सोपं आहे. बाकी ठिकाणी कागद लागतो.

जांबुघोडा आणि रतनमहाल ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथून पानसुद्धा न्यायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी हवी. राखीव जंगलासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. वढवाणा २०२१ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे आणि तिथेही वन विभागाची देखरेख असते. चांपानेर-पावागढ हे २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेली वनस्पती उपटताना वास्तूचा दगड हलतो, म्हणून तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, फोटोवर भागवा.

अर्जासोबत साधारण हे कागद ठेवा:

- महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र. एकट्याने केलेला अर्ज बहुतेक वेळा अडकतो, म्हणून एखाद्या वनस्पतिशास्त्र विभागाशी जोडून घ्या.
- कामाचा एका पानाचा आराखडा: कुठे, कोणत्या महिन्यांत, दर जातीचे जास्तीत जास्त किती नमुने घेणार आणि ते कुठे जमा करणार.
- ओळखपत्राची प्रत आणि सोबत येणाऱ्यांची नावं.
- परदेशी संशोधक सहभागी असेल किंवा नमुना देशाबाहेर जाणार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची मंजुरी. ही गोष्ट 'नंतर बघू' म्हणून कधीही टाळू नका.

हा सगळा कागद एप्रिल-मेमध्ये हलवा. जूनअखेर पाऊस सुरू झाल्यावर अर्ज केलात, तर परवानगी हातात येईपर्यंत अल्पायुषी पावसाळी वनस्पती सुकून गेलेल्या असतात.

३. साहित्य

- प्रेस, म्हणजे वनस्पती दाबून वाळवायची चौकट: सुताराकडून ३० × ४५ सेंमीच्या दोन लाकडी जाळ्या आणि दोन मजबूत पट्टे.
- रद्दीची वर्तमानपत्रं, भरपूर. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, त्या ओल शोषत नाहीत.
- नालीदार पुठ्ठे, म्हणजे जुन्या खोक्यांचे कापलेले तुकडे.
- १० पट मोठं दाखवणारं भिंग, एक बारीक चिमटा, दोन सुया, ब्लेड, मिलिमीटरची पट्टी.
- खुरपं, छाटणीची कात्री, मोठ्या प्लास्टिक पिशव्या.
- पेन्सिल आणि शिवलेली वही. बॉलपेनची शाई पावसात आणि अल्कोहोलमध्ये पसरते, पेन्सिल टिकते.
- सिलिका जेल आणि चहाच्या रिकाम्या कागदी पुड्या, डीएनएसाठी पान ठेवायला.
- फुलं जपायला झाकणाच्या छोट्या बाटल्या.

बाटल्यांत घालायच्या द्रवाबद्दल गुजरातमध्ये एक वेगळी अडचण आहे. इथे दारूबंदीमुळे अल्कोहोलची खरेदी आणि साठा परवान्याखाली येतो. ज्या प्रयोगशाळेकडे परवाना आहे, तिथेच नमुने घेऊन जा आणि तिथेच बाटल्या भरा. नेहमीचं मिश्रण असं: ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५ मिली, फॉर्मलीन ५ मिली. फॉर्मलीनची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक असते, म्हणून हातमोजे घालून हवेशीर जागीच काम करा.

४. हंगाम आणि जागा

अल्पायुषी वनस्पती जुलै ते सप्टेंबर. गवतं आणि मोथे सप्टेंबर-ऑक्टोबर, कारण त्यांची ओळख पिकलेल्या कणसावर आणि बीवर ठरते. पाणवनस्पती तलावाचं पाणी उतरायला लागलं की, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. झाडं बाराही महिने, पण दोनदा.

हे 'दोनदा' नीट समजून घ्या. पळस, पांगारा, सावर फुलतात तेव्हा त्यांच्यावर पानं नसतात किंवा फार थोडी असतात. फेब्रुवारीत घेतलेली फुलं आणि पावसाळ्यात घेतलेली पानं एकाच झाडाची आहेत हे सिद्ध व्हायला हवं. झाडाच्या बुंध्याला सैल तारेने ॲल्युमिनियमची चकती बांधा, तीवर क्रमांक कोरा आणि वहीत तोच क्रमांक 'अ' आणि 'ब' असा लिहा. 'त्याच्याच शेजारचं झाड होतं' हे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात, चालत नाही.

जागा निवडताना ज्या भूमीकडे सहसा कुणी बघत नाही ती आधी बघा. पावागढचा डोंगर सुमारे ८०० मीटर चढतो आणि बेसॉल्टसोबत वर रायोलाइटही आहे. खडक बदलला की त्याच्या फटींतल्या वनस्पतीही बदलतात. मही नदीची घळी, छोटा उदेपूरकडची साग आणि मोहाची जंगलं, शेतातली पाणथळ खाचरं या सगळ्यांची यादी वेगवेगळी निघते. विश्वामित्रीचा काठ वनस्पतींनी समृद्ध आहे, पण त्या नदीत, अगदी शहराच्या मधोमधही, मगरी आहेत. पाण्याच्या कडेला वाकून एकट्याने नमुना घेऊ नका.

५. जागेवरची नोंद आणि नमुना

उपटण्याआधी फोटो काढा: परिसर, पूर्ण झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, देठाच्या बुडाशी असलेलं उपपर्ण, फूल समोरून, बाजूने आणि उभं कापून, फळ, बी. प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी ठेवा.

मग जागेवरच वहीत लिहा, घरी जाऊन नाही. रंग, वास, चिकाचा रंग, खोडाचा चौकोनी किंवा गोल आकार, उंची, आसपास किती रोपं होती, सोबत कोणत्या वनस्पती होत्या, जमीन कशी होती. वाळल्यावर पिवळं फूल तपकिरी होतं, निळं पांढरं पडतं आणि वास उरत नाही. नमुना पाहून जे कळणार नाही, ते सगळं वहीत असलं पाहिजे.

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत, निदान चार दशांश स्थळांपर्यंत लिहा आणि आधारप्रणाली डब्ल्यूजीएस ८४ असल्याचं नमूद करा. फोन खिशातून काढल्याबरोबर दाखवतो ती जागा कधी कधी अर्धा किलोमीटर मागची असते. उघड्यावर मिनिटभर थांबा, आकडा स्थिर झाला की लिहा. समुद्रसपाटीपासूनची उंची फोनवर भरवशाची नसते, ती नकाशावरून पडताळा.

संग्रह क्रमांक, म्हणजे तुम्ही प्रत्येक नमुन्याला दिलेला क्रमांक, एकदा दिला की पुन्हा वापरायचा नाही. नमुना सडला, फेकला तरी क्रमांक रिकामाच ठेवा.

किती घ्यायचं? छोट्या वनस्पतीचे मुळासकट ४ ते ६ नमुने, म्हणजे एक स्वतःकडे, एक स्थानिक हर्बेरियमला, एक राष्ट्रीय संस्थेला आणि एक तज्ज्ञाला. पण दर २० रोपांमागे एकापेक्षा जास्त घेऊ नका. तिथे २० रोपंही नसतील तर फोटो, एक पान आणि एखादं फूल एवढ्यावर थांबा आणि पुढच्या वर्षी जवळपास आणखी कुठे आहे का ते शोधा. जी वनस्पती दुर्मीळ म्हणून तुम्हाला मोलाची वाटली, ती तुमच्या हातून संपता कामा नये.

गावातल्या माणसाला नाव जरूर विचारा आणि जसं ऐकलं तसं लिहा. इथे मराठी कान फसतो. गुजरातीतला 'आवळ' म्हणजे आपला तरवड, आवळा नव्हे. 'खाखरो' म्हणजे पळस, 'टीमरू' म्हणजे टेंभुर्णी, 'कुवाडियो' म्हणजे टाकळा. छोटा उदेपूरकडे राठवा लोकांची नावं आणखी वेगळी असतात. नावाशेजारी भाषा आणि गाव लिहा, मराठीत 'सुधारून' लिहू नका.

६. दाबणं आणि वाळवणं

त्याच दिवशी प्रेसमध्ये घाला. एखादं पान उलटं ठेवा म्हणजे मागची बाजू दिसते. लांब गवत व्ही किंवा एन आकारात दुमडा, तोडू नका. पहिला कागद २४ तासांच्या आत बदला, पुढचे चार-पाच दिवस रोज, मग एक दिवसाआड. बडोद्याच्या ऑगस्टमधल्या दमट हवेत तीन दिवस कागद न बदललेला नमुना काळा पडतो आणि बुरशी धरतो. अशा वेळी कागदांच्या मध्ये नालीदार पुठ्ठे घालून ४०-४५ अंशांच्या कोरड्या हवेत प्रेस ठेवा. यापेक्षा जास्त उष्णता दिलीत तर पानं ठिसूळ होऊन गळतात.

रसाळ वनस्पती आणि ऑर्किड प्रेसमध्येही जिवंत राहतात, काही तर कागदांमध्ये वाढत राहतात आणि शेवटी पानं गाळतात. त्या आधी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, फुलं मात्र पाण्याबाहेर धरा. पाणवनस्पती ट्रेमध्ये तरंगवा, खालून कागद सरकवा आणि तसाच उचला, म्हणजे बारीक पानांचा गुंता होत नाही.

खर्चुडीसारखी कंदिलाच्या आकाराची फुलं दाबली की संपली. तिच्या जाती फुलाच्या आतल्या किरीटावरून, म्हणजे मुकुटासारख्या भागावरून, ओळखतात आणि तो दाबलेल्या फुलात दिसत नाही. अशी निदान दोन-तीन फुलं द्रवात जपायलाच हवीत. डीएनएसाठी कोवळ्या पानाचा दोन सेंमीचा तुकडा कागदी पुडीत घालून पानाच्या वजनाच्या निदान १० पट सिलिका जेलमध्ये पुरा. द्रवात ठेवलेल्या पानाचा डीएनए खराब होतो, म्हणून हे वेगळं करावं लागतं.

वाळलेला नमुना २८ × ४२ सेंमीच्या जाड कागदावर चिकटवा, जाड फांदी दोऱ्याने शिवा, गळालेली फुलं-बिया छोट्या पाकिटात घालून त्याच कागदावर लावा, आणि लेबल खाली उजव्या कोपऱ्यात. किडीसाठी पूर्वी पारायुक्त मर्क्युरिक क्लोराइड वापरत. तुम्ही ते वापरू नका. बंद पिशवीत घालून उणे २० अंशाला आठवडाभर ठेवा. जुन्या हर्बेरियममधल्या शीटवर मात्र तो विषारी थर अजून असतो, म्हणून त्या हाताळल्यावर हात धुवा आणि तिथे काही खाऊ नका.

७. ओळख पटवणं

आधी कुल ओळखा. समोरासमोर पानं आणि देठांच्या मध्ये जोडलेली उपपर्णं दिसली की रुबिएसी, चौकोनी खोड आणि ओठांसारखं फूल असलं की बहुतेक लॅमिएसी, एका फुलासारख्या दिसणाऱ्या गुच्छात अनेक फुलं असली की ॲस्टरेसी. मग किल्ली, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून पुढे नेणारी ओळखपद्धत.

वाळलेलं फूल तपासायचं असेल तर भांडी घासायच्या साबणाच्या थेंबासह पाण्यात मिनिट-दोन मिनिटं उकळा. ते मऊ पडून उलगडतं आणि सुईने एकेक भाग वेगळा करता येतो.

बडोद्यातल्या मराठी निसर्गप्रेमींच्या हातात सहसा महाराष्ट्रातल्या रानफुलांची पुस्तकं असतात. ती सुंदर आहेत, पण त्यांतली किल्ली महाराष्ट्रातल्या, बरेचदा सह्याद्रीतल्या जातींपुरतीच असते. कच्छ-राजस्थानकडून पूर्वेला येणारी कोरड्या प्रदेशातली जाती त्या किल्लीत नसतेच, आणि किल्ली तुम्हाला तिच्यातल्या जवळच्या नावावर नेऊन सोडते. म्हणून ओळख गुजरातच्या फ्लोरावरच, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथावरच, पडताळा. गुजरात राज्याचा फ्लोरा जी. एल. शाह यांनी वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठातून १९७८ मध्ये दोन भागांत काढला. त्याआधीचा आधार म्हणजे कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (१९०१ ते १९०८).

टाकळ्याचं उदाहरण घ्या, कारण तो प्रत्येक रस्त्याकडेला आहे. सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया लांबून सारख्याच दिसतात आणि हर्बेरियममध्येही वर्षानुवर्षं मिसळलेल्या सापडतात. पान हातात घेऊन खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बघा. टोरामध्ये सर्वांत खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये एकेक टोकदार ग्रंथी असते, ऑब्ट्युसिफोलियात बहुधा फक्त खालच्या एका जोडीत. मग शेंगेतली बी काढून, ती न फोडता, भिंगाखाली धरा. तिच्या बाजूवर फिकट पट्टा असतो: टोरात दीड-दोन मिलिमीटर रुंद, दुसरीत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद. शेंगेचा देठही दुसरीत लांब असतो. एकाच खुणेवर थांबू नका, तिन्ही जुळल्या तर नाव लिहा. मोबाइलचं ॲप यातलं काहीच पाहत नाही. ते फुलाच्या रंगावरून आणि एकूण रूपावरून अंदाज देतं, म्हणून त्याचं उत्तर सुरुवात म्हणून वापरा.

८. 'आधी नोंद नाही' हे सिद्ध करणं

बहुतेक 'नव्या' नोंदी इथे गळतात. त्या गळाव्यात यासाठीच ही पायरी आहे.

*नाव बदललेलं असतं.* वरचा टाकळा जुन्या फ्लोरात सेन्ना या नावाखाली सापडणार नाही, तो कॅशिया टोरा म्हणून आहे. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, पूर्वी अकेशिया निलोटिका. खैर आता सेनेगॅलिया, पूर्वी अकेशिया कॅटेचू. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा म्हणून सगळीकडे नोंदलेली आहे आणि २०२२ मध्ये तिला नेल्टुमा प्रजातीत हलवलं. कुलंही बदलली आहेत: खर्चुडी आणि रुईचं ॲस्क्लेपिएडेसी आता ॲपोसायनेसीत विलीन झालं आहे. म्हणून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या जातीची सगळी समानार्थी नावं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक जुन्या पुस्तकात ती सगळी नावं शोधा. अनुक्रमणिकेत एकच नाव शोधून 'नाही' म्हणणं हा सर्वांत सामान्य दोष आहे.

*जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत.* छोटा उदेपूर जिल्हा २०१३ मध्ये बडोदे जिल्ह्यातून वेगळा झाला. दाहोद १९९७ मध्ये पंचमहालातून वेगळा झाला आणि रतनमहाल तिकडे गेलं. त्यामुळे १९८० च्या एखाद्या यादीत 'बडोदे जिल्हा' म्हणून लिहिलेलं रोप कदाचित कवांटचं असेल, आणि 'दाहोद जिल्ह्यासाठी नवी' म्हणून तुम्ही आणलेली जाती 'पंचमहाल' या नावाखाली केव्हाच छापलेली असेल. जिल्ह्याचं नाव सोडा, गावाचं नाव शोधा.

*संस्थानाचा नकाशा वेगळा होता.* १९४९ पूर्वीच्या लेबलवर 'बडोदा स्टेट' वाचून ते शहराच्या आसपासचं समजू नका. गायकवाडांचं राज्य तुकड्यातुकड्यांत पसरलं होतं: बडोदे, कडी, नवसारी, अमरेली आणि थेट ओखामंडळ. ओखामंडळ समुद्रकाठचं कोरडं टोक, नवसारीचा पूर्व भाग दमट जंगलाचा. एकाच राज्याच्या नावाखाली या दोन अगदी वेगळ्या वनस्पतिसृष्टी येतात. गाव वाचता येत नसेल, तर त्या शीटच्या आधारे काहीही सिद्ध होत नाही.

*नोंद प्रबंधात दडलेली असते.* विद्यापीठांत जिल्ह्यावार फ्लोरावर अनेक पीएचडी प्रबंध झाले आहेत आणि त्यातल्या कित्येक नोंदी नियतकालिकात कधी आल्याच नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा भांडार घरबसल्या चाळता येतं. जे तिथे नाही ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बघावं लागतं.

*शीट चुकीच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते.* म्हणून हर्बेरियममध्ये जाऊन तुमच्या जातीचाच नव्हे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या जातींचा फोल्डर उघडा. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं हर्बेरियम आहे, त्याचा आंतरराष्ट्रीय संक्षेप बीएआरओ. त्यानंतर पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आणि मुंबईचं सेंट झेवियर महाविद्यालयातलं ब्लाटर हर्बेरियम. जाण्याआधी पत्राने वेळ घ्या आणि कोणती कुलं बघायची आहेत ते कळवा. जुन्या हर्बेरियममधली कपाटं बेंथम-हूकर या जुन्या वर्गीकरण पद्धतीने लावलेली असतात, म्हणून कुलाचं जुनं नावही लिहून न्या.

९. तज्ज्ञाचं मत

प्रत्येक मोठ्या कुलाचे अभ्यासक वेगळे असतात. गवताचा प्रश्न ऑर्किडच्या अभ्यासकाला विचारू नका. पत्रात नमुन्याची तपशीलवार छायाचित्रं, मोजमापं, ठिकाण, तुम्ही वापरलेली किल्ली आणि ती कोणत्या टप्प्यावर अडली ते लिहा. 'हे काय आहे?' एवढंच विचारणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही. ओळख पटवून देणाऱ्याचं नाव आणि तारीख शीटवर वेगळ्या पट्टीवर लावा. जुनी पट्टी कधीही काढू नका, चुकीची असली तरी. त्या शीटचा इतिहास त्या पट्ट्यांतच असतो.

१०. कुठेच जुळत नसेल तर

सगळ्या शक्यता संपल्या तरच नव्या जातीचा विचार करा. एका रोपावरून नवी जाती मांडू नका. सावलीत वाढलेलं, गुरांनी खाल्लेलं किंवा संकरित रोप पुस्तकापेक्षा वेगळं दिसणारच. निदान दोन हंगाम आणि शक्य असेल तर एकापेक्षा जास्त ठिकाणचे नमुने मोजा, आणि सर्वांत जवळच्या जातीच्या मूळ प्रकार-नमुन्याशी, म्हणजे तिचं नाव ज्या नमुन्याशी कायमचं जोडलेलं आहे त्याच्याशी, तुलना करा. अनेक प्रकार-नमुन्यांची छायाचित्रं आता ऑनलाइन मिळतात. डीएनए साहाय्यक आहे. २००९ पासून वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांची जोडी प्रमाण बारकोड म्हणून सुचवलेली आहे, पण जवळच्या जातींत ती बरेचदा फरक दाखवत नाही. मग आयटीएस हा डीएनएचा आणखी एक भाग जोडून बघतात.

नामकरणाच्या नियमांतल्या या बाबी चुकल्या तर नाव वैधच होत नाही:

- १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा जातीचं वेगळेपण सांगणारं टिपण (डायग्नोसिस) लॅटिन अथवा इंग्रजीत हवं. मराठी-गुजराती वर्णन जोडता येतं, पण ते पुरत नाही.
- एकच प्रकार-नमुना ठरवायचा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे ते लिहायचं.
- प्रकाशन छापील हवं, किंवा ऑनलाइन असेल तर आयएसएसएन अथवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनात पीडीएफ स्वरूपात. वर्तमानपत्रातली बातमी किंवा समाजमाध्यमावरची पोस्ट नाव निर्माण करत नाही.
- विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतं: 'बरोडेन्सिस' पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नावासोबत, 'बरोडेन्स' नपुंसकलिंगी नावासोबत. ही एकच चूक मात्र नाव अवैध करत नाही, शेवट नंतर दुरुस्त करतात.

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. वनस्पतींसाठी ती संस्था भारतीय वनस्पती सर्वेक्षण.

११. लेख आणि प्रकाशन

राज्यासाठी नवी नोंद असेल तर तीन-चार पानांचा लेख पुरतो: योग्य नाव आणि समानार्थी नावं, छोटं वर्णन, जवळच्या जातीपासूनचे फरक, फुलण्याचा-फळण्याचा काळ, अधिवास, तपासलेल्या नमुन्यांची यादी संग्रह क्रमांकासह, नकाशा आणि फोटोंची एक पट्टी. शीट हर्बेरियममध्ये जमा होऊन तिला दाखल क्रमांक मिळाल्यावरच लेख पाठवा. 'नमुना लेखकाकडे आहे' असं लिहिलेला लेख चांगली नियतकालिकं परत करतात आणि त्यांचं बरोबर आहे, कारण घरातल्या कपाटातला नमुना दहा वर्षांनी कुणाला सापडत नाही.

ऱ्हीडिया, नेलंबो, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही ठिकाणं अशा लेखांसाठी योग्य आहेत. पैसे भरले की आठवड्यात छापतो असं सांगणाऱ्या नियतकालिकापासून लांब राहा. तिथे कुणी तपासत नाही, तुमची चूक कायमची छापली जाते आणि पुढचा अभ्यासक ती खोडण्यात वर्ष घालवतो.

सहलेखकांमध्ये ज्याने नमुना गोळा केला आणि ज्याने ओळख पटवली ते दोघंही असावेत, हे पाठवण्याआधीच ठरवा. वाट दाखवणाऱ्या, नाव सांगणाऱ्या गावकऱ्याचे आभार त्याच्या संमतीने नाव घेऊन माना.

दुर्मीळ कंद, ऑर्किड किंवा औषधी वनस्पती असेल तर अचूक अक्षांश-रेखांश छापू नका. लेखात तालुका लिहा, नेमका बिंदू हर्बेरियम आणि वन विभागाकडे ठेवा. ज्या ॲपवर फोटो टाकलेत, तिथेही ठिकाण झाकण्याची सोय असते, ती आधीच चालू करा.

लेख आल्यावर एक प्रत वन विभागाला द्या, कारण पुढच्या वर्षीच्या परवानगीसाठी तीच उपयोगी पडते, आणि एक प्रत हर्बेरियमला, शीटसोबत लावण्यासाठी. पुढच्या पावसाळ्यात त्याच आठवड्यात त्याच जागी जा, रोपं मोजा आणि तो आकडा त्याच संग्रह क्रमांकाखाली वहीत लिहा.